पूर्वेची भिंत अगदी ठीक आहे

१४ जून १९७६, सोमवार

ठरलं. माडीवरची पूर्वेची खोली पाहुण्यांना द्यायची. लंडनच्या लोकांना हल्ली जुन्या शेतघरात राहायचं वेड लागलंय. कोंबडं आरवलं तरी फोटो काढतात. काढू देत. सुट्टीतल्या शेतघरांचं गाइड छापतात त्या मिसेस फॅनशॉंना फोन केला. जुलैत येतील बघायला.

खोली झकास आहे. अडचण एकच. मधोमध लोखंडी गज. पूर्वेच्या भिंतीतून निघतो, कपाळाच्या उंचीवरून खोली ओलांडतो आणि मधल्या धुराड्याच्या विटांत घुसतो. भिंतीच्या बाहेर त्याचं टोक, त्यावर इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची हाताएवढी लोखंडी पकड आणि नट. हर्बर्टच्या पणजोबाने बसवला म्हणे. हौशी असणार म्हातारा. हर्बर्ट म्हणतो, अगं हेटी, त्या गजाने भिंत धरून ठेवलीय. म्हटलं, अरे, दीड हात जाडीची विटांची भिंत, अडीचशे वर्षं उभी, तिला ही काडी धरणार? तो म्हणाला, म्हणूनच उभी आहे. याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१६ जून, बुधवार

हर्बर्ट बरी गावच्या बाजारात. कोठारातून लोखंड कापायची करवत आणली. सकाळभर घासत होते. शेवटच्या घासाला गज टण्णकन उडाला, दोन टोकांत बोटभर फट पडली. इतका ताणलेला होता बिचारा. सुटला एकदाचा.

धुराड्याकडेही कापला. मधला लांब तुकडा ओढत नेऊन मागच्या तळ्यात टाकला. भिंतीतली दोन्ही टोकं प्लास्टरने बुजवली, वर गुलाबांचा वॉलपेपर. खोली एकदम मोठी झाली. बाहेरचा एस तसाच ठेवलाय, शोभेला बरा दिसतो.

हर्बर्टला सांगितलं, रंग ओला आहे, वर जाऊ नकोस. कुलूप लावलं. मिसेस फॅनशॉ खोली पास करून गेल्या की सांगेन सगळं. आनंदाच्या बातमीबरोबर सांगितलं की माणूस रागवत नाही.

२७ जून, रविवार

उकाडा. पाऊस नाही म्हणजे नाही. वरच्या शेतातल्या चिकणमातीला अशा भेगा पडल्यात की हर्बर्टची काठी मुठीपर्यंत आत गेली. लेडीबर्ड किडे चहात पडतात.

सासू खालच्या पूर्वेच्या खोलीत असते, जिने चढवत नाहीत म्हणून. पलंग भिंतीला लागून. आज म्हणाली, हेटी, उशीला वारा लागतोय. म्हटलं, आई, अख्ख्या सफोकमध्ये वारा नाही, तुम्हालाच कुठून लागतो? तिने बोट दाखवलं. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तडा गेलाय. त्यात पोस्टकार्ड बसेल.

हर्बर्टने बघितलं. म्हणाला, माती आटतेय, पाया बसतोय, भिंत बाहेर जायला बघतेय. मग म्हणाला, पण काळजी नको, वर गज आहे.

मी म्हटलं, हो ना.

३ जुलै, शनिवार

तडा सिमेंटने भरला, स्वतः. या घरातल्या पुरुषांची वाट बघत बसलं तर केस पांढरे होतील. जुना चुना पिठासारखा भुसभुशीत, बोटाने निघतो. सिमेंट कसं दगडासारखं. विषय संपला.

६ जुलै, मंगळवार

सिमेंट उत्तम निघालं. जरासुद्धा हललं नाही. शेजारची वीट फुटली. वीटच कच्ची होती, त्याला सिमेंट काय करणार.

९ जुलै, शुक्रवार

हर्बर्टने सिरिल बोरेटला बोलावलं. सिरिल गावातला गवंडी, धुराडी दुरुस्त करतो आणि लोकांच्या चहावर जगतो. माझं सिमेंट बघून म्हणाला, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी केलं, का? म्हणाला, काही नाही बाई, घट्ट बसलंय. मग तोंड फिरवून हसला. मी बघितलं.

त्याने तड्यावर आडवी काचेची पट्टी ठेवली आणि दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली. म्हणाला, काच फुटली तर समजायचं भिंत चाललीय. नाही फुटली तर झोपा खुशाल.

१० जुलै, शनिवार, सकाळी

काच फुटली. अमेरिकन विमानं. जवळच्या हवाई तळावरून उठतात आणि आमच्याच कौलांवरून जातात. कालही दोन गेली.

आमच्या लग्नाच्या फोटोची काच काढून पट्टी कापली आणि हर्बर्ट गोठ्यातून यायच्या आत लावली. तो बघून म्हणाला, बघ, शाबूत आहे. किती बरं वाटलं त्याला. दोन मिनिटांचं काम, पण माणसाला झोप लागते.

१४ जुलै, बुधवार

परत फुटली. सासूचा रेडिओ. मोठ्याने लावते.

१५ जुलै, गुरुवार

डोकं वापरलं. ओव्हनच्या काचेच्या भांड्याचा जाड तुकडा लावला. बघू आता कशी फुटते.

१८ जुलै, रविवार

फुटली नाही! एका बाजूचं प्लास्टर सुटून काच लोंबकळतेय, पण काच शाबूत. सिरिल म्हणाला होता काच फुटली तर. प्लास्टरबद्दल बोलला नव्हता. म्हणजे भिंत ठीक आहे.

काच परत चिकटवली.

२० जुलै, मंगळवार

मिसेस फॅनशॉ आल्या. हातमोजे घालून. एवढ्या उकाड्यात. खोली बघून टाळ्याच वाजवल्या. पर्समधून लिपस्टिक पडली ती जमिनीवरून घरंगळत थेट पूर्वेच्या भिंतीपाशी गेली. मी पटकन उचलून दिली. बाई म्हणाल्या, अय्या, किती अस्सल! नव्या घरात असला उतार बांधून मिळत नाही. पास केली खोली! सप्टेंबरपासून पाहुणे.

मग बाहेर उभ्या राहून त्यांनी एसकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे सुंदर काय आहे? हर्बर्टला कुणीतरी घराबद्दल विचारलं की तो फुलतो. सांगत बसला, हा एस म्हणजे नुसती पकड, याच्यामागे गज आहे, खोलीतून जाऊन धुराड्याला बांधलेला, माझ्या पणजोबाने स्वतः तापवून आवळला. बाई म्हणाल्या, खोलीतून? पण मला तर खोलीत काही...

माझ्या हातातून चहाची किटली पडली. मुद्दाम नाही. हात निसटला. वेळेवर निसटला एवढंच. सगळे किटलीमागे धावले.

चांगली बातमी आली. पण हर्बर्टच्या पायावर चहा सांडला होता, अशात कुठे सांगायचं.

२ ऑगस्ट, सोमवार

भिंतीला पोट आलंय. बाहेरून बघितलं की कळतं. या भिंतीवर लाल विटांत जळक्या निळ्या विटांची चौकट आहे, पत्त्यातल्या चौकटसारखी. आता ती चौकट फुगून बदामाकडे झुकलीय. उन्हामुळे तसं दिसत असेल.

तरी सासूला म्हटलं, आई, काही दिवस आमच्या खोलीत झोपा, गार आहे. म्हणाली, मला गार सोसत नाही. मग स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत? तिथं तुझ्या भांड्यांचा आवाज. मग बहिणीकडे जाता का इप्सविचला? म्हणाली, ती अजून जिवंत आहे हेच मला आवडत नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, का गं, या भिंतीला काही झालंय का?

मी म्हटलं, नाही, भिंतीला काय होणार.

मग राहते इथंच, म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

हट्टी बाई. पलंग तरी हातभर अलीकडे ओढला. जमीन पुसायची म्हणून सांगितलं. पुसली पण. पाणी रेशनवर असताना.

११ ऑगस्ट, बुधवार

तळं आटलं. मधोमध माझा गज वर आलाय आणि त्यावर बदकं ओळीने बसलीत. हर्बर्ट तिथूनच गायी नेतो. घाईघाईत गेले, गुडघाभर चिखलात उतरले, गज उपसून कोठारात पेंढ्याखाली ठेवला. परत येताना सिरिल भेटला. म्हणाला, मासे धरत होतीस का हेटी? म्हटलं, हो, तुझ्यासारख्या तोंडाचे. चहाला बोलावलं नाही.

उद्या हर्बर्टला सांगायचंच. जेवणानंतर.

१२ ऑगस्ट, गुरुवार

जेवणानंतर तो लगेच झोपला. बार्लीची कापणी चालू आहे, दमतो.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

आज शुक्रवार आणि तेरा तारीख. आज नको.

१४ ऑगस्ट, शनिवार

आज तो खुशीत होता. माणूस खुशीत असताना सांगणं दुष्टपणा आहे.

१५ ऑगस्ट, रविवार

सिरिलने भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. तळाशी दोरी आणि भिंत यांच्यात माझा पंजा सहज गेला. भिंत बाहेर झुकलीय. सिरिल डोकं खाजवत बसला. म्हणाला, हर्बर्ट, मला हे समजत नाही. गज आहे तर भिंत इतकी जाईल कशी? ही तर गज नसल्यासारखी चाललीय.

मी सासूची उशी झटकत होते. झटकत राहिले.

मग सिरिललाच सुचलं. गज सैल पडला असेल. तुझ्या पणजोबाची युक्ती करू. आतून गज तापवायचा, लोखंड वाढतं. मग बाहेरून नट आवळायचा. गार होताना गज आखडतो आणि भिंतीला आत ओढून आणतो. बैलजोडीने ओढल्यासारखी येते.

हर्बर्ट म्हणाला, शनिवारी करू. मी बाहेर पाना धरतो, तू खाली शिडी धर. आणि आत ब्लो लॅम्प कोण धरणार?

मी म्हटलं, मी. नव्या वॉलपेपरजवळ ज्योत धरायची ती मीच. दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देणार नाही.

हर्बर्टने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, घर म्हटलं की तू मागे हटत नाहीस.

२० ऑगस्ट, शुक्रवार

सोपं होतं. गज परत जागेवर बसवायचा आणि कुणाला कळायच्या आत दोन्हीकडे तारेने बांधायचा. दुपारी दोघं शेतात असताना पेंढ्यातून काढला, माडीवर नेला, प्लास्टर उकरलं. बसेना. दोन्ही टोकांना मिळून चार बोटं कमी पडतो. गज आखूड झालाय. लोखंड उन्हात वाढतं म्हणतात, हा आटला. तळ्यात राहून झालं असेल.

परत प्लास्टर, परत गुलाब. एक गुलाब उलटा लागला.

रात्री सांगणार.

नंतर: सांगितलं नाही. त्याने पाना तेल लावून पुसून ठेवलाय. इतका मन लावून पुसत होता.

उद्या भिंत आपोआपच थांबली तर?

२१ ऑगस्ट, शनिवार

सगळं लिहून ठेवते. माझी बाजू कुणी लिहिणार नाही.

सकाळी सासूला म्हटलं, आई, बाहेर सफरचंदाखाली खुर्ची टाकलीय, मजा बघायला चला. म्हणाली, इथूनही ऐकू येईल. म्हटलं, धूळ पडेल. म्हणाली, पडू दे, आंघोळीला नाहीतरी पाणी नाहीच. म्हटलं, आई, उठा. ती म्हणाली, का? सांग ना, का उठू? बाहेरून हर्बर्ट ओरडला, हेटी, झालं का? मी वर गेले.

वर जाऊन कुलूप उघडलं, आत जाऊन कडी लावली. ब्लो लॅम्प पेटवला. रिकाम्या खोलीत, हवेत धरून उभी राहिले. काय करणार.

हर्बर्ट शिडीवरून ओरडला, तापतोय का?

मी ओरडले, तापतोय!

लाल झाला का?

झाला!

खालून सिरिल ओरडला, धुराड्याच्या बाजूनेही ताप दे, बाई! मी दोन पावलं सरकून तिकडची हवा तापवली. वॉलपेपर तपकिरी पडायला लागला.

मग पान्याचा आवाज आला. करकर. करकर. हर्बर्ट खुश. फिरतोय! अरे सिरिल, लोण्यासारखा फिरतोय! येतेय भिंत! येतेय!

माझ्यासमोर उलटा गुलाब हळूहळू आत ओढला गेला. त्याच्याभोवती कागद चुणत चुणत गेला आणि फाटला. प्लास्टरमागचा तुकडा बाहेर चालला होता. मला ओरडायचं होतं, थांब म्हणून. ओरडले ते, अजून तापवू का?

मग एकदम आवाज थांबला. हर्बर्ट म्हणाला, अरेच्चा. एवढंच. नंतर शिडी घसरल्याचा आवाज, सिरिलच्या शिव्या, आणि गुलाबाच्या जागी एक भोक. त्यातून ऊन आलं.

भिंतीच्या आत वाळू सांडावी तसं सर्रर्र सुरू झालं.

लॅम्प विझवला, हे मला आठवतं. जिना कसा उतरले ते आठवत नाही. सासू पलंगावर बसलेली, पाय खाली सोडून, चपला घातलेली. तिला काही विचारलं नाही. पाठीवर घेतली. पेंढीएवढी हलकी झालीय. स्वयंपाकघरातून अंगणात आले आणि मागे भिंतीचं पोट फुटलं. गाडीभर विटा एकदम खाली. चौकटीतल्या निळ्या विटा सगळ्यात आधी. वरचं छप्पर तुळयांवर अडून राहिलं. धूळ बसल्यावर भोकातून पलंग दिसला. उशीवर चार विटा होत्या.

कुणाला लागलं नाही. सिरिलचा अंगठा सुजलाय, पण त्याचं नेहमी काहीतरी सुजलेलं असतं.

सासूला मी वाचवलं. हे कुणी म्हणालं नाही, म्हणून इथं लिहिते.

हर्बर्ट रासबेरीच्या झुडपात बसला होता. हातात एस. एसला दीड हात गजाचा तुकडा, आणि तुकड्याचं टोक करवतीने कापलेलं, सरळ, गुळगुळीत. आता त्याच्यावर प्लास्टर आणि थोडा गुलाब. त्याने ते बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं. सिरिलने पण बघितलं. सिरिल म्हणाला, मी चहा टाकतो. माझ्या घरात, सिरिलने चहा टाकला.

हर्बर्ट उठून माडीवर गेला. खाली आला. म्हणाला, वॉलपेपर चांगला आहे.

त्यानंतर बोललेला नाही.

३० ऑगस्ट, सोमवार

पाऊस. भिंतीला चार लाकडी टेकू, भोकावर ताडपत्री. मिसेस फॅनशॉंना फोन केला, काही किरकोळ दुरुस्ती निघालीय. त्या म्हणाल्या, पाहुण्यांना दुरुस्ती बघायला फार आवडते. मी म्हटलं, नको.

हर्बर्ट आज बोलला. म्हणाला, मीठ दे.

१२ सप्टेंबर, रविवार

काल नवा गज बसला. सिरिल म्हणाला, आता एकाने भागणार नाही, दोन लागतील. एक पाहुण्यांच्या खोलीतून, दुसरा आमच्या खोलीतून, पलंगाच्या बरोबर वरून. हर्बर्टने मला ब्लो लॅम्प धरायला लावला. स्वतः शेजारी उभा राहिला, कडी न लावता. गज खरंच लाल होतो. बाहेर सिरिलने नट आवळला. गार होताना भिंतीतून कुरकुर ऐकू आली, आणि भिंत बोटभर आत आली. मी बघितलं. मी आधीपासून म्हणत होते, लोखंड पाहिजे.

विटा जुन्याच लावल्या. निळी चौकट जरा वाकडी बसलीय.

सासू आता स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. संध्याकाळी चहा घेऊन गेले. ती तिची गोधडी झटकत होती. म्हणाली, अजून निघत नाही बघ. म्हटलं, काय? तिने गोधडी पुढे केली. शिवणीच्या खाचांत बारीक काळा भुगा, गंजलेला. लोखंडाचा.

म्हणाली, जूनमध्ये एका सकाळी पडत होता वरून, फळ्यांच्या फटीतून. माझ्या अंगावर. बराच वेळ पडत होता. तेव्हाच कळलं, तू काय करतेयस ते.

म्हटलं, तर मग बोलला का नाहीत, आई? एवढे दिवस त्या भिंतीखाली झोपलात!

म्हणाली, तू कधी बोलतेस ते बघत होते.

आणि तुम्ही आत असताना पडली असती तर?

तर तेही कळलं असतं, म्हणाली, आणि कपासाठी हात पुढे केला.

इतकी वर्षं तिच्या चहात साखर मीच घालते. तरी विचारलं, किती घालू.